चालीपाशी थांबलेला पियानो : कीथ जॅरेट यांचा 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू'

मध्यलय :

जॅझ फारसे न ऐकणाऱ्यांनाही कीथ जॅरेट हे नाव बहुधा एका ध्वनिमुद्रणामुळे ठाऊक असते. २४ जानेवारी १९७५ रोजी कोलोनच्या ऑपेरागृहात, ऐन वेळी हाती आलेल्या एका सुमार पियानोवर त्यांनी केलेले तासाभराचे उत्स्फूर्त वादन हे ते ध्वनिमुद्रण. त्या मैफिलीची कहाणी इतक्या वेळा रंगवून सांगितली गेली आहे की त्यांचे बाकीचे काम तिच्यामागे झाकले जाते. मला या धाग्यात लिहायचे आहे ते मात्र १९९९ मध्ये म्यूनिकच्या ईसीएम कंपनीने प्रकाशित केलेल्या 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू' या अल्बमबद्दल. एकट्याचा पियानो, दहा मुद्रणे, मिळून तासाला थोडी कमी अशी लांबी, आणि बहुतेक सगळी गाणी अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या गुणगुणली गेलेली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती टाळून या अल्बमविषयी बोलता येत नाही आणि तिच्यातच अडकून पडलो तरी बोलता येत नाही. १९९६ च्या ऑक्टोबरात इटलीतील चार शहरांत एकल मैफिली केल्यानंतर जॅरेट यांना क्रॉनिक फटीग सिंड्रोम हा आजार असल्याचे निष्पन्न झाले. हा थकवा विश्रांतीने जात नाही. पुढचा बराच काळ त्यांना पियानोसमोर बसणेही जमत नव्हते. १९९७ च्या डिसेंबरात, न्यू जर्सीतील आपल्या घराला लागून असलेल्या स्टुडिओत, पत्नी रोझ ॲन यांना नाताळची भेट म्हणून द्यावे एवढ्याच हेतूने त्यांनी ही गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्यांचा हॅम्बुर्गचा स्टाइनवे पियानो नुकताच दुरुस्त होऊन आला होता आणि त्याचा हात कसा लागतो हे त्यांना पाहायचे होते. ज्या दिवशी उठल्यावर बरे वाटेल त्या दिवशी यंत्र सुरू करायचे, काही मिनिटे वाजवायचे आणि थांबायचे, अशा रीतीने हे काम झाले. चतुराई करायला अंगात ताकदच उरली नव्हती, अशा आशयाचे त्यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले आहे.

आता गाण्यांविषयी. जॅझमध्ये ज्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात ती बहुतेक गाणी मुळात न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीसाठी (म्हणजे ब्रॉडवेसाठी), चित्रपटांसाठी किंवा छापील स्वरलिपी विकणाऱ्या व्यवसायासाठी लिहिली गेली. या अल्बममधली आठ गाणी १९२६ ते १९५० या पंचवीस वर्षांत जन्मलेली आहेत. गर्श्विन बंधूंचे 'समवन टू वॉच ओव्हर मी' १९२६ चे, जेरोम कर्न यांचे 'डोन्ट एव्हर लीव्ह मी' १९२९ चे, ड्यूक एलिंग्टन यांचे 'आय गॉट इट बॅड' १९४१ चे, आणि टेनर (चढ्या पुरुषी आवाजाचे गायक) मारियो लांझा यांनी गाजवलेले 'बी माय लव्ह' १९५० चे. उरलेल्या दोनांपैकी 'शेनँडोआ' हे जुने लोकगीत आहे. 'माय वाइल्ड आयरिश रोझ' अल्बमवर पारंपरिक म्हणून नोंदवले असले तरी ते चॉन्सी ऑलकॉट यांनी १८९९ मध्ये लिहिलेले गाणे आहे.

अशा गाण्याचे जॅझ वादक काय करतात याचा एक ठरलेला रिवाज आहे. मूळ चाल एकदा वाजवायची, मग तिच्याखालची कॉर्डची (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या समूहांची) मालिका धरून आवर्तनामागून आवर्तन नवे रचत जायचे, आणि शेवटी चालीवर परत यायचे. १९४० च्या दशकात बीबॉप या द्रुत, गुंतागुंतीच्या जॅझशैलीच्या मंडळींनी तर चाल काढून टाकून नुसत्या कॉर्ड ठेवल्या आणि त्यांवर स्वतःच्या नव्या चाली चढवल्या. गर्श्विन यांच्या 'आय गॉट रिदम'च्या सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या बीबॉप रचना मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. म्हणजे खरा ऐवज कॉर्डचा आणि चाल हा आत शिरण्याचा दरवाजा, अशी एक समजूत रुळत गेली. जॅरेट स्वतः १९८३ पासून गॅरी पीकॉक (बास) आणि जॅक डिजॉनेट (ड्रम) यांच्यासह त्रिकुटात हीच गाणी त्याच रिवाजाने, अत्यंत कल्पकतेने वाजवत आले होते.

या अल्बममध्ये ते दरवाजातच उभे राहतात. 'डोन्ट एव्हर लीव्ह मी' तीन मिनिटांच्या आत संपते, कारण चाल वाजवून झाली की त्यांच्या लेखी गाणे संपलेले असते. पहिलेच 'आय लव्ह्ज यू, पोर्गी' (१९३५ च्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातले) कान देऊन ऐका. चालीत जवळजवळ काहीही बदललेले नाही. बदल घडतो तो मधल्या बोटांत. वरचा सूर लांबलेला असताना खालचा एखादा सूर अर्ध्या सुराने सरकतो, तेवढ्याने त्याच वरच्या सुराचा अर्थ पालटतो, आणि तो पालटला हे आपल्याला क्षणभराने कळते. हा माणूस १९८७ मध्ये बाखचे 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' आणि नंतर शोस्टाकोविचचे प्रेल्यूड व फ्यूग (अनेक स्वतंत्र आवाज एकमेकांत गुंफणाऱ्या रचना) ध्वनिमुद्रित करून बसला होता, हे इथे आठवते. प्रत्येक मधल्या आवाजाला स्वतःची वाट असते ही शिस्त तिकडून आलेली आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की या अल्बममधला साधेपणा ही आजारामुळे पदरी पडलेली उणीव नाही. आजाराने एक रस्ता बंद केला हे खरे, पण उरलेल्या रस्त्यावर जॅरेट जे पाहत चालले आहेत ते पाहायला बाखचा इतका सराव आणि या गाण्यांबरोबरचा इतका सहवास लागतो. जाणकारांनी आपली मते मांडावीत, मतभेद असतील तर अधिकच आनंद.

साशंक :

लेख आवडला आणि त्यानिमित्ताने अल्बम प्रथमच ऐकला. ऐकायला अतिशय गोड आहे, याबद्दल वाद नाही. माझी शंका मात्र प्रामाणिक आहे. मोठ्या हॉटेलांच्या दालनात संध्याकाळी एक वादक हलक्या हाताने अशीच जुनी गाणी वाजवत बसलेला असतो, त्याच्या वादनात आणि यात सामान्य श्रोत्याने फरक कुठे शोधायचा? चाल तीच, गती संथ, आवाज मृदू. आजाराची कहाणी ठाऊक नसती तर आपण या वादनाला इतके गंभीरपणे घेतले असते का, हा प्रश्न मला सतावतो आहे.

काळी_पाच :

साशंक यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर कहाणीत न शोधता पियानोच्या यंत्रात शोधावे असे मला वाटते.

मी पेटी वाजवतो. पेटीवर भात्याचा दाब सांभाळला की सूर हवा तितका वेळ भरलेला राहतो आणि तो वाढवता किंवा ओसरवताही येतो. पियानोत पट्टी दाबली की लोकर चढवलेली हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते, आणि त्या क्षणापासून सूर फक्त विरत जातो. वादकाच्या हाती राहतो तो हातोडीचा वेग, पट्टी सोडण्याची वेळ आणि पायाखालचे पेडल. त्यामुळे पियानोवर 'गाणे' हा मुळातच एक भास आहे. पुढचा सूर मागच्या सुराच्या विरलेल्या पातळीशी जुळवून वाजवला, तरच तो त्याच दमात घेतल्यासारखा वाटतो. किंचित जोरात पडला की ओळ तुटते, आणि फार हळू पडला की हातोडी तारेपर्यंत नीट पोचतच नाही.

आता 'समवन टू वॉच ओव्हर मी' हेडफोन लावून ऐका. एकाच हातात चार सूर एकदम वाजत आहेत, पण सर्वांत वरचा सूर, जो करंगळी किंवा अनामिका या दुबळ्या बोटांवर पडतो, तोच स्पष्ट आहे आणि बाकीचे तीन वेगवेगळ्या प्रमाणात मागे आहेत. हे तिघेही सारखेच मागे नाहीत, त्यांतही उतरंड आहे. हॉटेलातला वादक साधारणपणे सगळी कॉर्ड एकाच वजनाने ठेवतो आणि पेडलवर पाय दाबून सगळे एकमेकांत मिसळू देतो, म्हणून ते गोड वाटते आणि पाच मिनिटांनी ऐकू येईनासे होते. जॅरेट यांचा पियानो इतक्या हळू आवाजात वाजतो आहे की एरवी या पातळीवर बहुतेकांचे सूर गळायला लागतात. दुरुस्त होऊन आलेल्या पियानोचा मध्यलय यांनी केलेला उल्लेख म्हणूनच महत्त्वाचा आहे, कारण यंत्रणा समतोल झालेली नसेल तर बोटात कितीही कौशल्य असले तरी असे वाजवता येत नाही.

आणखी एक. 'आय गॉट इट बॅड'ची चाल सुरुवातीलाच सप्तकाच्या पलीकडे एका मोठ्या उडीने जाते. एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात हे गाणे आयव्ही अँडरसन गात आणि जॉनी हॉजेस सॅक्सोफोनवर त्यात घसीट घेऊन वरच्या सुरापर्यंत पोचत. पियानोवर मींड शक्य नाही. जॅरेट शेजारच्या पट्टीवरून निसटता कण घेऊन त्या सुरावर उतरतात आणि तेवढ्यात मींडेचा आभास करतात. आपल्याकडील पेटीवाल्यांना ही युक्ती चांगली परिचयाची आहे.

उत्तररात्र :

धागा उत्तम आहे, पण सगळ्यांच्या सुरात सूर मिसळणे मला जमणार नाही.

स्टँडर्ड गाण्यांचे एकल पियानोवादन म्हटल्यावर माझ्यासमोर दोन टोके उभी राहतात. एका टोकाला आर्ट टेटम. निर्माते नॉर्मन ग्रांझ यांनी १९५३ पासून पुढच्या दोन वर्षांत त्यांना पियानोसमोर बसवून शंभराहून अधिक एकल ध्वनिमुद्रणे करून घेतली. गाणे ओळखीचे असते, पण दर दोन ओळींमागे त्याखालची जमीन सरकवलेली असते. दुसऱ्या टोकाला थेलोनियस मंक, विशेषतः १९५९ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात श्रोत्यांविना केलेले त्यांचे एकल ध्वनिमुद्रण. मंकही चालीला धरूनच वाजवतात, किंबहुना जॅरेट यांच्या कितीतरी आधी 'चाल सोडू नका' हा आग्रह त्यांनीच धरला होता. मात्र त्यांच्या हाताखाली १९२० च्या दशकातले एखादे भाबडे प्रेमगीत आले की ते एकाच वेळी हास्यास्पद आणि हृदयद्रावक होते, कारण शेजारशेजारचे दोन सूर एकदम दाबून ते त्याच्या गोडव्याला चिमटा काढतात आणि तरीही त्याची टिंगल करत नाहीत.

जॅरेट यांच्या अल्बममध्ये मला हा चिमटा कुठेच सापडत नाही. 'बी माय लव्ह' हे मूळचेच पाकात बुडवलेले गाणे आहे आणि इथे त्यावर आणखी साखर पेरली आहे, असे माझे मत आहे. स्पर्श सुंदर आहे, काळी_पाच यांचे सगळे तांत्रिक मुद्दे मान्य आहेत, परंतु स्पर्शाच्या सौंदर्यासाठी मी तासभर बसून राहणार नाही.

पियानोवादक बिल एव्हान्स यांचा १९६८ चा 'अलोन' हा अल्बम या चर्चेत यायला हवा. तोही एकटा, तोही अंतर्मुख, पण त्यात 'नेव्हर लेट मी गो' चौदा मिनिटांहून अधिक चालते आणि एव्हान्स त्या गाण्याच्या पोटात शिरून त्याची उलथापालथ करतात. अंतर्मुख असणे म्हणजे काही न करणे नव्हे.

मध्यलय :

उत्तररात्र यांच्या प्रतिसादाबद्दल आभार. मंक यांच्या त्या अल्बमवर माझेही अतोनात प्रेम आहे, तेव्हा त्याविषयी वाद घालणार नाही.

'काही न करणे' या शब्दांना मात्र माझी हरकत आहे. याच काळातला एक पुरावा २०१८ मध्ये उजेडात आला. १४ नोव्हेंबर १९९८ रोजी न्यू जर्सीतील नूअर्क येथे जॅरेट, पीकॉक आणि डिजॉनेट यांनी केलेली मैफल 'आफ्टर द फॉल' या नावाने प्रकाशित झाली. आजारपणानंतर पुन्हा वाजवता येते का याची ती चाचणी होती. तिच्यात बीबॉपमधले चार्ली पार्कर यांचे 'स्क्रॅपल फ्रॉम द ॲपल' आहे, बड पॉवेल यांचे 'बाउन्सिन विथ बड' आहे, आणि द्रुत लयीत सलग आवर्तने रचणारा जॅरेट यांचा उजवा हात तिथे शाबूत आहे. 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू' प्रकाशित होण्याला तेव्हा अजून वर्ष जायचे होते. बोटे परत आल्यानंतरही त्यांनी त्या घरगुती ध्वनिफितींना 'आजारपणातले कच्चे काम' म्हणून बाजूला ठेवले नाही आणि त्यांवर नवे सोलो चढवायलाही गेले नाहीत. इथे निवड आहे, असे मी म्हणतो ते त्यामुळे.

साशंक यांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल: कहाणी ठाऊक नसती तर आपण कदाचित अधिक उशिरा थांबून ऐकले असते, हे मी मान्य करतो. तिचा उपयोग दाखल्यासारखा करू नये हे खरेच आहे. मात्र 'ब्लेम इट ऑन माय यूथ'च्या शेवटी जॅरेट यांनी स्वतःचा 'मेडिटेशन' नावाचा भाग जोडला आहे, तो ऐकताना कोणत्याही कहाणीची गरज भासत नाही. गाणे संपते, डाव्या हातात तेच ते स्वर पुन्हापुन्हा येत राहतात, कॉर्ड पुढे सरकण्याचे नाव घेत नाहीत, आणि १९७० च्या दशकातले मैफिलीचे जॅरेट काही मिनिटांसाठी दार किलकिले करून डोकावतात.

दोनापावला :

जरा वेगळ्या बाजूने लिहितो, पण विषय याच गाण्यांचा आहे.

ही गाणी मुंबईला अपरिचित कधीच नव्हती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तिथला काळ गाजवला, आणि ब्रॉडवेवर निघालेली गाणी छापील स्वरलिपीच्या रूपाने बोटीतून मुंबईत उतरू लागली. ती वाजवणाऱ्यांत पुढे आमच्या गोव्याचे लोक मोठ्या संख्येने आले, कारण गावोगावच्या चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलिपी वाचायला लहानपणीच शिकवलेले असे. हळदोण्याचे चिक चॉकलेट आणि कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ही त्यांतली नामांकित मंडळी. पुढे हेच हात हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. एलिंग्टन स्वतःही १९६३ च्या दौऱ्यात आपल्या वाद्यवृंदासह मुंबईत वाजवून गेले होते.

आमच्या नात्यातले एक गृहस्थ अशाच एका बँडमध्ये पियानो वाजवत. ते सांगत की नाचाच्या बँडला संथ गाणेही लय न सोडता वाजवावे लागते, कारण समोर जोडपी पावले टाकत असतात. ओळीच्या शेवटी पियानोवाला भावनेच्या भरात थबकला तर पन्नास माणसे एकमेकांवर आदळतील. 'समथिंग टू रिमेंबर यू बाय' हे १९३० चे गाणे त्यांना तसेच, ठोक्यात, माहीत होते. जॅरेट यांच्या अल्बममध्ये तेच गाणे सात मिनिटांहून अधिक चालते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास घेऊन पुढे जाते. मला इथले सर्वांत मोठे स्वातंत्र्य हे वाटते. सुरांत फारसे काही बदललेले नाही, पण ज्या ठोक्यासाठी हे गाणे लिहिले गेले तो ठोका काढून घेतला आहे. साशंक यांनी म्हटलेला हॉटेलातला वादकही हा ठोका सहसा सोडत नाही, निदान डाव्या हातात तरी धरून ठेवतो.

काळी_पाच :

दोनापावला यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एक पुस्ती जोडतो. ठोका काढला असला तरी मात्रांचा हिशोब सुटलेला नाही. या गाण्यांतली बरीचशी बत्तीस मात्राखंडांची असतात, आठ-आठच्या चार भागांत विभागलेली, आणि तिसऱ्या भागात चाल पालटून चौथ्यात पहिली परत येते. जॅरेट एखाद्या ठिकाणी कितीही रेंगाळले तरी तिसऱ्या भागात शिरताना आपल्याला दिशा बदलल्याचे जाणवते. विलंबित ख्यालात सम किती लांब गेली तरी गवयाला ती कुठे आहे हे ठाऊक असते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

अटलांटिककाठी :

मी न्यू जर्सीत बरीच वर्षे राहतो आणि जॅरेट यांना त्रिकुटासह प्रत्यक्ष ऐकलेले आहे, त्यामुळे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो ज्याचा उल्लेख अजून झालेला नाही.

जॅरेट वाजवताना तोंडाने आवाज करत. कण्हत, गुणगुणत, मध्येच ओरडत, पियानोसमोर उभे राहत. कित्येक चांगले श्रोते केवळ यामुळे त्यांच्या वाटेला जात नाहीत. या अल्बममध्ये तो आवाज जवळजवळ नाही. त्याचप्रमाणे श्रोतेही नाहीत. खोकणाऱ्या आणि छायाचित्रे काढणाऱ्या श्रोत्यांवर ते किती चिडत हे जगजाहीर आहे. २००७ मध्ये इटलीतील पेरूजाच्या महोत्सवात त्यांनी रंगमंचावरून प्रेक्षकांना सुनावलेले शब्द इथे लिहिण्याजोगे नाहीत. ज्याला सभागृहातला एक खोकला असह्य होई, तो घरात एकटा, कोणासाठीही कार्यक्रम न करता वाजवत बसला तर कसा वाजवेल, याचे उत्तर या ध्वनिमुद्रणात आहे. उत्तररात्र यांनी सांगितलेला मंक यांचा अल्बमही श्रोत्यांविनाच झाला होता, पण मंक रिकाम्या सभागृहातही कोणाला तरी ऐकवत असल्यासारखे वाजवतात.

'माय वाइल्ड आयरिश रोझ' या निवडीमागे पत्नीच्या नावाचा संबंध असावा असा माझा आपला एक तर्क आहे. अल्बमची अर्पणपत्रिका तिच्याच नावे आहे आणि संगीत आपल्याला परत देणारी म्हणून तिचा उल्लेख आहे, एवढे मात्र नक्की.

अवांतर: २०१८ मध्ये जॅरेट यांना पक्षाघाताचे दोन झटके आले आणि त्यांचा डावा हात निकामी झाला, ही बातमी २०२० च्या ऑक्टोबरात बाहेर आली. तेव्हापासून मी हा अल्बम लावला की डाव्या हाताकडेच कान जातो.

उत्तररात्र :

अटलांटिककाठी यांचे मंकविषयीचे निरीक्षण मार्मिक आहे आणि ते मला माझ्याच बाजूचे वाटते. मला कोणाला तरी ऐकवणारा वादक आवडतो. इतके खासगी वादन ऐकताना आपण दुसऱ्याचे पत्र वाचत आहोत अशी अस्वस्थता येते.

तरीही सर्वांच्या आग्रहावरून काल पुन्हा ऐकले. 'शेनँडोआ'बद्दल माझा विरोध मागे घेतो. ते लोकगीत आहे, त्याला ब्रॉडवेच्या गुंतागुंतीच्या कॉर्ड नाहीतच, आणि जॅरेट यांनीही त्यात जॅझच्या कॉर्ड घुसडण्याचा मोह आवरला आहे. प्रार्थनागीतासारख्या सरळ हार्मनीत (कॉर्डच्या मांडणीत) ते गाणे उभे केले आहे आणि प्रत्येक कडव्याला मधल्या आवाजांची मांडणी थोडी बदलली आहे. तिथे साखर नाही. 'बी माय लव्ह'विषयीचे मत कायम. लांझा यांच्यासारख्या गळ्याच्या शिरा ताणून गाणाऱ्या टेनरचे गाणे हळू आवाजात वाजवले की ते आपोआप खोल होत नाही.

मध्यलय :

'बी माय लव्ह'पुरते आपण दोघे वेगवेगळ्या काठांवर राहू. माझ्या कानाला तिथे त्या टेनरचा शेवटचा चढा सूर जॅरेट कसा सांभाळतात हे ऐकण्यात खरी गंमत वाटते. लांझा तिथे आवाजाची परमावधी गाठतात, तर जॅरेट त्याच जागी आवाज वाढवण्याऐवजी कॉर्ड रुंद करतात. पत्राच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते पत्र त्यांनी स्वतःच छापायला दिले, एवढेच म्हणू शकतो.

साशंक, तुम्हाला एक तुलना सुचवतो. 'ब्लेम इट ऑन माय यूथ' हेच गाणे जॅरेट यांनी २१ एप्रिल १९९० रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्रिकुटासह वाजवले होते. ते 'द क्युअर' या अल्बमवर आहे. आधी ते ऐकावे, मग हे. एकाच माणसाने एकच गाणे आठ वर्षांच्या अंतराने वाजवले तर काय वगळले आणि काय ठेवले, हे हॉटेलातल्या वादकाशी तुलना करण्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसेल.

साशंक :

दोन्ही ऐकली. माझा कौल, कोणाला धक्का बसला तर क्षमस्व, १९९० च्या त्रिकुटाकडे जातो. पीकॉक यांचा बास खाली असल्यामुळे जॅरेट यांचा डावा हात मोकळा राहतो आणि चाल हवेत तरंगते. एकट्याच्या वादनात त्याच डाव्या हाताला पाया, मधले आवाज आणि लय असे तिन्ही सांभाळावे लागते आणि तो भार ऐकू येतो. काळी_पाच यांनी सांगितलेली वजनांची उतरंड मात्र आता पहिल्या दहा सेकंदांत कानाला लागते, हे कबूल करायला हवे. 'मेडिटेशन'चा भाग चार-पाच वेळा स्वतंत्रपणे ऐकला, तो मला गाण्यापेक्षाही अधिक आवडला. आता मंक यांचा १९५९ चा अल्बम लावतो आहे. उत्तररात्र, सुरुवात कोणत्या गाण्यापासून करावी?

उत्तररात्र :

'देअर्स डेंजर इन युअर आइज, शेरी'. त्याचे दोन टेक (एकाच गाण्याची दोन स्वतंत्र मुद्रणे) उपलब्ध आहेत, दोन्ही ऐका आणि तुमचा कौल इथेच कळवा.